वाचाघात आणि श्रोत्याची आकांक्षा : याकबसनच्या द्विध्रुव सिद्धान्ताचा पुनर्विचार

१

रोमान याकबसन यांनी मॉरिस हॅले यांच्यासमवेत १९५६ साली ‘फंडामेंटल्स ऑफ लँग्वेज’ हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या उत्तरार्धात भाषेची दोन अंगे आणि वाचाघाताचे दोन प्रकार यांची सांगड घालणारा याकबसन यांचा निबंध आहे. साहित्यसिद्धान्ताच्या अभ्यासात या निबंधाला मानाचे स्थान आहे. परंतु तो बहुधा शेवटाकडून वाचला जातो. रूपक आणि मेटॉनिमी या दोन ध्रुवांची चर्चा करणारी अखेरची काही पाने तेवढी उचलली जातात, आणि ज्या माणसांच्या तुटलेल्या बोलण्यावर ही मांडणी उभी आहे ती माणसे मागे राहतात. डेव्हिड लॉज यांनी १९७७ मध्ये ‘द मोड्स ऑफ मॉडर्न रायटिंग’ या ग्रंथात याच दोन ध्रुवांच्या आधारे आधुनिक साहित्याच्या लेखनपद्धतींचे विवेचन केले. त्यानंतर ही जोडी समीक्षेच्या नित्याच्या वापरातली झाली. मराठीतही शैलीविज्ञानाच्या वाटेने ती आली आणि काव्य म्हणजे रूपकाचा ध्रुव, वास्तववादी कथन म्हणजे मेटॉनिमीचा ध्रुव, असे सुटसुटीत समीकरण विद्यार्थ्यांच्या हाती पडले.

याकबसन यांची मूळ मांडणी अशी : प्रत्येक भाषिक कृतीत दोन क्रिया असतात. एक निवडीची, एकमेकांच्या जागी येऊ शकणाऱ्या घटकांपैकी एकाची निवड. दुसरी जुळणीची, निवडलेल्या घटकांना एकापुढे एक ठेवून मोठे एकक घडविण्याची. निवडीचा आधार साम्य, जुळणीचा आधार सान्निध्य. वाचाघातात यांपैकी एक शक्ती अधिक प्रमाणात दुखावते. निवड दुखावली की माणसाला वस्तूंची नावे सापडत नाहीत, मात्र सर्वनामे, अव्यये, वाक्याचा सांगाडा टिकून राहतो. शब्द सुचला तर तो शेजारचा सुचतो, सुरीऐवजी काटा. जुळणी दुखावली की वाक्य विस्कटते, व्याकरणिक दुवे गळतात, तारेच्या मजकुरासारखे सुटे शब्द उरतात. बदली शब्द येतो तो सारखेपणावरून, सूक्ष्मदर्शकाऐवजी दुर्बीण. पहिल्या रुग्णाजवळ मेटॉनिमी उरते, दुसऱ्याजवळ रूपक.

या मांडणीचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. बोलण्याची शक्ती दुखावलेला माणूस प्रत्यक्षात संवाद कसा साधतो, याचे जे ज्ञान गेल्या अर्धशतकात साचले आहे, ते या मांडणीत बसते काय? आणि बसत नसेल, तर तिच्यावर उभारलेल्या साहित्यविचारात काय बदलावे लागेल?

२

प्रथम पुराव्याचे स्वरूप पाहावे लागते. याकबसन यांनी ज्यांच्या निरीक्षणांचा आधार घेतला त्यांत कुर्ट गोल्डस्टाइन हे प्रमुख होत. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर त्यांनी दीर्घकाळ काम केले होते. पुढे १९६४ मध्ये याकबसन यांनी आपले वर्गीकरण विस्तारले तेव्हा अलेक्सांद्र लुरिया यांच्या सहा प्रकारांचा आधार घेतला; लुरियांचे मूळ संशोधनही बव्हंशी दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर आधारलेले होते. पक्षाघातात मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन किंवा रक्तस्राव होऊन जी हानी होते तिची व्याप्ती गोळीच्या जखमेपेक्षा निराळी असते. अधिक महत्त्वाचा मुद्दा मात्र दुसराच आहे. ही बरीचशी सामग्री परीक्षणाच्या प्रसंगातून मिळालेली होती. समोर चित्र धरले जाते, नाव विचारले जाते, उत्तर नोंदवले जाते. ‘सुरी’ऐवजी ‘काटा’ हे उत्तर आले की ती चूक. उत्तर देणाऱ्याने त्यानंतर मान हलवून स्वतःचे उत्तर नाकारले काय, हाताने कापण्याची खूण केली काय, विचारणाऱ्याने ती खूण ओळखली काय, हे त्या नोंदीत बसत नाही. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते; त्यामुळे त्याला काही समजून घ्यावयाचेच नसते. नित्याच्या संभाषणाची जी मूळ अट, की एकाला ठाऊक असलेले दुसऱ्याला ठाऊक नाही, तीच येथे रद्द झालेली असते.

दुसरा मुद्दा भाषाभेदाचा. जुळणी दुखावली की विकार गळतात आणि शब्दांची मूळ रूपे उरतात, हे चित्र इंग्रजीसारख्या अल्पविकारी भाषेत चांगले दिसते. लीझ मेन आणि लोरेन ऑब्लर यांनी १९९० साली संपादित केलेल्या बृहद्ग्रंथात हिंदीसह चौदा भाषांतील व्याकरणलोपी बोलण्याचे नमुने एकत्र आले, आणि हे चित्र सार्वत्रिक नाही हे स्पष्ट झाले. हिब्रूत प्रत्यय आणि स्वर काढून टाकले तर उरणारा व्यंजनी धातू उच्चारताच येत नाही. तेथे रुग्ण प्रत्यय गाळत नाही. एकाच्या जागी दुसरा ठेवतो. म्हणजे ‘जुळणी’ दुखावलेल्या माणसाची अडचण तेथे ‘निवडी’च्या अडचणीसारखी दिसू लागते. ज्या दोन अक्षांना याकबसन यांनी परस्परांपासून स्वच्छ वेगळे केले, ते भाषेच्या घडणीनुसार एकमेकांत मिसळतात.

मराठीच्या संदर्भात हा प्रश्न विशेष रोचक ठरावा. मराठीत नामाला प्रत्यय थेट लागत नाही. आधी सामान्यरूप होते. ‘मुलाला’ या रूपातून ‘ला’ वगळला तर काय उरेल? ‘मुला’ हे अर्धे वळलेले रूप, की मूळचा ‘मुलगा’? पहिले उरल्यास दुव्याची जागा रिकामी आहे याची खूण शिल्लक राहते; दुसरे उरल्यास तीही पुसली जाते. याचे उत्तर तर्काने ठरवता येणार नाही. मराठी भाषक रुग्णांच्या प्रत्यक्ष संभाषणातूनच ते मिळेल. परंतु प्रश्न असा मांडता येतो, यातूनच इंग्रजी उदाहरणांवर बेतलेल्या ‘तारभाषे’च्या कल्पनेच्या मर्यादा कळतात.

३

तिसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे, आणि तो भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेतून मांडणे सोयीचे आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेचे गौणी आणि शुद्धा असे भेद केले. गौणीचा आधार सादृश्य. शुद्धेचा आधार सादृश्याहून इतर संबंध, म्हणजे सामीप्य, कार्यकारणभाव, स्वस्वामिभाव, अवयव-अवयवी संबंध इत्यादी. याकबसन यांचे दोन ध्रुव या भेदाच्या किती जवळ आहेत हे सांगावयास नको. पण साम्य दाखवून थांबले तर तुलना निष्फळ ठरते. लक्षणा होण्यास मम्मटाने तीन गोष्टी आवश्यक मानल्या : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी योग, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक. गंगेवर गवळवाडी आहे असे म्हणणारा ‘गंगातीर’ हा शब्द वापरू शकला असता. त्याने तो टाळला, कारण गंगेचे पावित्र्य आणि शीतलता त्याला सुचवावयाची होती.

आता ‘सुरी’ म्हणावयाचे असता ‘काटा’ म्हणणारा रुग्ण घ्यावा. मुख्यार्थाचा बाध आहे, योगही आहे. परंतु रूढी नाही आणि प्रयोजनही नाही. त्याने ‘सुरी’ टाळलेली नाही. ती त्याला सापडलेली नाही. म्हणून मम्मटाच्या कसोटीवर ही लक्षणा नव्हेच. याकबसन यांनी घसरलेल्या शब्दाला आणि योजिलेल्या शब्दाला एकच नाव दिले. शब्दांमधील संबंध तोच असल्याने त्यांना ते पुरेसे वाटले. वक्त्याचा हेतू हिशेबातून वगळल्यावाचून रुग्णाच्या उत्तरापासून कादंबरीकाराच्या शैलीपर्यंत एका उडीत जाता येत नाही.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. रुग्णाचे प्रत्येक बदली बोलणे घसरण नसते. नाव सापडत नाही म्हणून एखादा ‘सफरचंद सोलायचे’ म्हणतो, उपयोग सांगून वस्तूकडे नेतो. गोल्डस्टाइन यांच्या एका रुग्णाने सुरीला प्रसंगानुसार अशीच निरनिराळी नावे दिल्याचा दाखला याकबसन यांच्याच निबंधात आहे. येथे प्रयोजन आहे : समोरच्याला कळावे हे. मग घसरलेला शब्द आणि योजिलेला शब्द यांतला फरक ओळखावयाचा कशावरून? केवळ शब्दाच्या रूपावरून तो ओळखता येत नाही. शब्द उच्चारल्यावर माणूस काय करतो यावरून तो कळतो. तो समाधानाने थांबतो की अस्वस्थ होतो. हाताने दुरुस्ती करतो की श्रोत्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. म्हणजे लक्षणा आहे की नाही, हा निर्णयसुद्धा संवादाच्या आत शिरल्यावाचून करता येत नाही.

४

वाचाघाताच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ ज्या रुग्णापासून मानला जातो त्याच्या हकिगतीतच हा संवाद दडलेला आहे. १८६१ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी लबोर्न्य या रुग्णाची तपासणी केली. त्याला ‘तां’ या एका अक्षराखेरीज जवळजवळ काही उच्चारता येत नसे; रुग्णालयात त्याचे नावच ‘तां’ पडले होते. त्याचा आजार आकस्मिक पक्षाघाताचा नव्हता, हळूहळू वाढत गेलेला होता. उजवे अंग मात्र लुळे पडले होते. तपासणीनंतर काही दिवसांतच तो मरण पावला. त्याच्या मेंदूच्या डाव्या अग्रखंडातील व्रणामुळे ब्रोका यांचे नाव शास्त्रात कायम झाले. ब्रोकांच्या वृत्तान्तातील दुसऱ्या नोंदीकडे साहित्यसिद्धान्ताचे लक्ष गेलेले नाही. रुग्णालयात किती वर्षे झाली असे विचारता लबोर्न्यने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडून दाखवला आणि शेवटी एक बोट. एकवीस वर्षे, आणि ते उत्तर बरोबर होते. त्याचे हातवारे समजले नाहीत तर तो चिडे, आणि मग त्याच्या तोंडून एक शिवी स्पष्ट बाहेर पडे : देवाच्या पवित्र नावाची.

पाच वर्षांनी हीच शिवी, तुटलेल्या रूपात, फ्रेंच काव्यातील एका श्रेष्ठ कवीची जवळजवळ एकमेव वाणी झाली. १८६६ च्या मार्चमध्ये बेल्जममधील नामूर येथे सेंट लू चर्च पाहत असता शार्ल बोदलेअर कोसळला. त्यानंतर उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. ब्रसेल्समधील ज्या रुग्णालयात त्याला ठेवले ते जोगिणींच्या देखरेखीखाली होते; ‘क्रेनों’ हा एकच उद्गार त्याच्या तोंडून सतत निघे आणि जोगिणींना तो पाखंडाचा वाटे. जुलैमध्ये त्याला पॅरिसला हलविण्यात आले. तेथे मित्र येत. मादाम मरीस त्याला वाग्नरचे संगीत पियानोवर ऐकवीत. छायाचित्रकार नादारने आपल्या आठवणीत सांगितले आहे की, आत्म्याच्या अमरत्वावरून दोघांत वाद झाला असता बोदलेअरने मावळतीच्या आकाशाकडे हात करून तोच उद्गार काढला, आणि नादारला तो प्रतिवाद म्हणून कळला. ३१ ऑगस्ट १८६७ रोजी कवीचा मृत्यू झाला.

एकच उद्गार, पण जोगिणींच्या कानी पाखंड आणि नादारच्या कानी श्रद्धेचा युक्तिवाद. संकेतव्यवस्थेच्या दृष्टीने पाहिले तर येथे निवडही नाही, जुळणीही नाही. दोन्ही अक्ष शून्यावर आलेले आहेत. ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच अशा पुनरावृत्त उद्गारांकडे लक्ष वेधले होते. विधान करणारे बोलणे आणि भावनेच्या किंवा सवयीच्या जोरावर निघणारे बोलणे, असा भेद त्यांनी केला. पहिले नष्ट झाले तरी दुसरे टिकू शकते. शिव्या, प्रार्थना, अंकांची ओळ, वारांची नावे, गाण्याचे शब्द या दुसऱ्या वर्गात मोडतात. ठराविक स्वरावलीच्या आधारे वाक्ये म्हणवून घेण्याची उपचारपद्धती १९७३ मध्ये बोस्टनमध्ये पुढे आली, तीही टिकलेल्या सुरावटीचाच उपयोग करून घेते. परंतु जॅक्सन यांच्या भेदानेही बोदलेअरचा प्रसंग पुरता उलगडत नाही. आकाशाकडे हात करून काढलेला तो उद्गार नुसता भावनेचा उमाळा नव्हता. हाताची दिशा, स्वराची चढउतार, चालू वादातील त्याचे स्थान आणि नादारची आधीची विधाने यांच्या योगाने त्या सवयीच्या शिवीचे विधान झाले.

५

हे ‘विधान होणे’ कसे घडते, याचा सर्वांत काटेकोर अभ्यास अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ चार्ल्स गुडविन यांनी केला. पक्षाघातानंतर ‘हो’, ‘नाही’ आणि ‘आणि’ एवढे तीनच शब्द उरलेल्या एका वृद्ध गृहस्थाची कुटुंबीयांशी होणारी संभाषणे त्यांनी चित्रफितीवर नोंदवली. १९९५ पासून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होत गेले. या गृहस्थाच्या बोलण्याची सुरावट शाबूत होती, बोटाने व नजरेने निर्देश करता येत होता, आणि मुख्य म्हणजे इतरांनी उच्चारलेले शब्द तो आपल्या कामी लावू शकत होता. घरातील एकाने अंदाज करावा, त्याने तो नाकारावा. दुसऱ्याने सुधारून मांडावा, त्याने अर्धा मान्य करावा आणि ‘आणि’ म्हणून पुढे न्यावा. अशा रीतीने ज्याच्या तोंडून एकही नाम निघू शकत नाही, तो गृहस्थ जेवणाचा बेत, जुनी आठवण, नापसंतीचे कारण सांगू शकत होता. वाक्य त्याचे होते. शब्द इतरांचे होते. गुडविन यांनी २००४ मधील एका निबंधात या स्थितीला बोलू न शकणाऱ्या समर्थ वक्त्याची स्थिती म्हटले.

मराठीतला एक कल्पित प्रसंग घेतल्यास या घडामोडीचे व्याकरण स्पष्ट होईल. व्याकरणिक दुवे गमावलेले आजोबा म्हणतात, ‘मुलगा… दवाखाना… सोमवार.’ मुलाने त्यांना दवाखान्यात न्यावयाचे आहे? मुलालाच न्यावयाचे आहे? मुलगा तेथून सोमवारी परतणार आहे? मराठीत कोणी कोणाला आणि कोठे, हे सारे प्रत्ययांवर अवलंबून. प्रत्यय गेले की नात्यांचा उलगडा उरत नाही. मग सून विचारते, ‘बाबा, ह्यांनी न्यायचं का तुम्हाला?’ मान हलते : नाही. ‘ह्यांनाच न्यायचंय? बरं नाही त्यांना?’ होकार, आणि त्यासोबत छातीवर हात. येथे ‘नी’ आणि ‘ना’ हे प्रत्यय सुनेने पुरविले. त्यांतला योग्य कोणता हे आजोबांनी ठरविले. निवडीची क्रिया नाहीशी झाली नाही. तिची वाटणी झाली : पर्याय मांडणे एकाकडे गेले, पर्याय मुक्रर करणे दुसऱ्याकडे राहिले.

याकबसन यांच्या आकृतीत या वाटणीला जागा नाही, कारण तेथे दोन्ही क्रिया एकाच डोक्यात घडतात. भारतीय शब्दबोधविचारात मात्र तिच्यासाठी एक संज्ञा आधीच तयार आहे. वाक्यार्थ होण्यास आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तिहींची गरज मानली जाते. पैकी आकांक्षेचे स्पष्टीकरण करताना विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त ती श्रोत्याच्या जिज्ञासेच्या रूपाची असते असे म्हटले आहे. नुसते ‘दवाखाना’ म्हटल्याने अर्थ पूर्ण होत नाही, आणि ही अपूर्णता भासते ती ऐकणाऱ्याला. सामान्य संभाषणात ही जिज्ञासा उत्पन्न होताक्षणी वक्त्याच्या पुढच्या पदाने शमते, म्हणून ती जाणवतही नाही. वाचाघातात पुढचे पद येत नाही. आकांक्षा मोकळी राहते आणि श्रोत्याला तिची जबाबदारी उचलावी लागते. संनिधी, म्हणजे पदांचा अविलंब उच्चार, हीही येथे मोडते; दोन पदांमध्ये अर्धा मिनिट जाऊ शकतो. तरीही वाक्यार्थ होतो, कारण श्रोता थांबतो. शास्त्राने पदांचा धर्म म्हणून पाहिलेली संनिधी येथे श्रोत्याच्या धीराने सांभाळली जाते.

ऑड्री हॉलंड यांनी १९७७ मध्येच नोंदवले होते की, वाचाघात झालेली माणसे बोलण्यापेक्षा संवाद अधिक चांगला साधतात. पुढे टोरोंटो येथे ऑरा कॅगन यांनी याच जाणिवेतून एक पद्धती घडवली. तिची मांडणी १९९८ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध झाली. तिचा रोख रुग्णाला शब्द शिकविण्यापेक्षा त्याच्याशी बोलणाऱ्याला शिकविण्यावर आहे : एका वेळी एकच प्रश्न विचारावा, कळीचे शब्द कागदावर लिहावेत, चित्र काढावे, होकार-नकारासाठी वेळ द्यावा, आणि कळलेले पुन्हा सांगून खात्री करून घ्यावी. माणसाला जे सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते, हे गृहीत धरून ती चालते.

६

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. श्रोताच शब्द पुरवीत असेल तर तो स्वतःचाच अर्थ रुग्णाच्या तोंडी घालीत नाही कशावरून? आक्षेप निराधार नाही. अनेक रुग्णांचे ‘हो’ आणि ‘नाही’ परस्परांत अदलाबदल होतात. कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये वर्णन केलेल्या प्रकारात बोलणे ओघवते असते पण आकलन दुखावलेले असते, आणि आपण बोलतो ते इतरांना कळत नाही याचे भानही कधीकधी नसते. तेथे प्रश्नोत्तरांची ही शिडी पहिल्याच पायरीवर मोडू शकते. काहींचे हातवारेही आजारात बिघडतात. तेव्हा गुडविन यांच्या अभ्यासातील गृहस्थाचे यश सर्वांच्या वाट्याला येते असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा भाबडेपणा ठरेल.

परंतु या आक्षेपाचे उत्तर त्याच सामग्रीत आहे. सहकार्याने घडलेला अर्थ आणि लादलेला अर्थ यांना वेगळे करणारी गोष्ट म्हणजे नकाराची सोय. सुनेचा पहिला अंदाज चुकला आणि तो चुकला असे सांगण्याची संधी आजोबांना मिळाली, म्हणूनच दुसरा अंदाज आजोबांचा ठरला. ज्या संभाषणात ‘नाही’ला जागा नाही, जेथे नातेवाईक पहिल्याच शब्दावर वाक्य पूर्ण करून मोकळे होतात, तेथे शब्द मुबलक असूनही माणूस मुका होतो. मराठीत आपण सहज ‘त्यांची वाचा गेली’ म्हणतो. ‘वाचा गेली’ असे एकदा ठरले की पुढे काही विचारण्याचे कारण उरत नाही. शस्त्रक्रियेची संमती, घराची वाटणी, कोणाकडे राहावयाचे, हे सारे डोक्यावरून बोलले जाते. वाचाघात म्हणजे बुद्धीचा लोप नव्हे, हे वैद्यकाने वारंवार सांगूनही ज्या गैरसमजाची पकड सुटत नाही, त्याचे मूळ अंशतः भाषेविषयीच्या आपल्या कल्पनेत आहे : अर्थ वक्त्याच्या डोक्यात तयार होतो आणि मुखातून बाहेर पडतो, ही ती कल्पना. याकबसन यांची आकृती ही कल्पना मोडीत काढत नाही. ती तिला केवळ शास्त्रीय रूप देते.

७

साहित्यसमीक्षेला यातून काय घ्यावयाचे? टोमास ट्रान्सट्रोमर या स्वीडिश कवीचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. १९९० मध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्यांना पक्षाघात झाला. उजवे अंग लुळे पडले, बोलणे थोड्या शब्दांवर आले. त्यानंतर १९९६ आणि २००४ मध्ये त्यांचे दोन संग्रह आले. दुसऱ्यात प्रामुख्याने हायकू आहेत. २०११ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, २०१५ मध्ये ते निवर्तले. पत्नी मोनिका यांच्या मध्यस्थीने ते जगाशी बोलत आणि डाव्या हाताने पियानो वाजवीत. याहून विलक्षण म्हणजे, १९७४ च्या ‘ऑस्टरशोअर’ या दीर्घकाव्यात त्यांनी पक्षाघाताने वाचा गेलेल्या, तरीही रचना करीत राहिलेल्या एका संगीतकाराचे चित्र आधीच रेखाटले होते. त्यामागे रशियन संगीतकार विस्सारिओन शेबालिन होते; १९५३ आणि १९५९ अशा दोन आघातांनंतरही ते संगीतरचना करीत राहिले, आणि लुरिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये त्यांच्यावर शोधनिबंध लिहिला.

द्विध्रुव सिद्धान्त हाती असलेल्या समीक्षकाला येथे मोठा मोह होतो. कवी रूपकासाठी विख्यात. आघातानंतर वाक्य आखूड झाले, हायकूवर आले. जुळणी गेली, रूपक उरले. सिद्धान्ताची जणू प्रयोगशाळेत सिद्धता झाली! परंतु हा वाचनप्रकार रुग्णालयातील चित्र दाखवून नाव विचारणाऱ्या परीक्षकाचा आहे; उत्तर आधीच ठरलेले आहे. वस्तुस्थिती त्याच्या आड येते. युवकांच्या तुरुंगावरील हायकू ट्रान्सट्रोमर यांनी १९५९ मध्येच लिहिले होते, ते प्रसिद्ध झाले २००१ मध्ये. संक्षेप ही त्यांची आरंभापासूनची प्रकृती होती. आघाताने त्यांच्या कवितेवर काहीच परिणाम केला नाही असे नव्हे. पण कवितेतील रिकामी जागा ही व्रणाची खूण की रचनेचा निर्णय, हे केवळ शब्दांच्या रूपावरून ठरत नाही, जसे ‘काटा’ या शब्दाच्या रूपावरून घसरण की लक्षणा हे ठरत नव्हते.

मात्र कविता आणि संभाषण यांत एक भेद राहतोच. आजोबा मान हलवून अंदाज नाकारू शकतात. छापील कविता तसे करू शकत नाही. वाचकाची आकांक्षा तीही पुरवण्या मागते, वाचक त्या पुरवितो, पण त्यांना ‘नाही’ म्हणणारे कोणी समोर नसते. त्यामुळे समीक्षकाला तो नकार कवितेच्या घडणीतच शोधावा लागतो : आपल्या अर्थाला न जुमानणारी ओळ, कवीची इतर रचना, तारखा, भाषेचे संकेत. वाचक अर्थनिर्मितीत सहभागी असतो, हे आता सर्वमान्य झाले आहे. किंबहुना ते इतके गुळगुळीत झाले आहे की त्यातून वाचकाला मोकळे रान मिळते. वाचाघाताच्या संभाषणात श्रोत्याचा सहभाग याहून कितीतरी अधिक असतो, आणि म्हणूनच तेथे त्याच्यावरचे बंधनही अधिक कडक असते. प्रत्येक पुरवणी परत नेऊन दाखवावी लागते.

निवड आणि जुळणी हे दोन अक्ष खोटे ठरतात असे या विवेचनातून निष्पन्न होत नाही. ते एकट्या वक्त्याच्या मनाचे अक्ष आहेत ही समजूत तेवढी टिकत नाही. हे मान्य केल्यास मराठी अभ्यासकांपुढे एक प्रत्यक्ष काम उभे राहते. मराठी भाषक रुग्णांची नामपरीक्षणे पुरेशी नाहीत; त्यांची घरच्या माणसांशी होणारी संभाषणे, रुग्णाची व त्याच्या घरच्यांची संमती घेऊन, नोंदली गेली पाहिजेत, आणि त्या नोंदीत दोन्ही बाजू लिहिल्या गेल्या पाहिजेत : सामान्यरूप टिकले की गेले, प्रत्यय कोणी पुरविला, तो कोणी मान्य केला, मधे किती वेळ गेला. हे काम भाषाविज्ञानाचे आहे असे म्हणून साहित्याच्या अभ्यासकाला बाजूला होता येणार नाही. अपुऱ्या वाक्यापुढे किती थांबावे आणि कोठे बोलावे, हा प्रश्न जितका त्या घरातल्या सुनेचा आहे तितकाच कवितेपुढे बसलेल्या वाचकाचाही आहे.